सोलापूरच्या ट्रस्टसाठी पुण्यात गोल्फ स्पर्धा: जाहिरातीआधी जागांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या काही उद्योजकांच्या मंडळाला सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रासाठी निधी उभा करायचा आहे. मंडळातले काही जण गोल्फ खेळतात. पुण्यात एक दिवसाची स्पर्धा घ्यायची, निधीही जमेल आणि धंद्याच्या ओळखीही होतील, असा बेत आहे. विचारलंय एवढंच, की जाहिरात कशी करायची, फेसबुक-इन्स्टावर किती पैसे घालायचे आणि होर्डिंग लावावं का.

होर्डिंग लावू नका. निधीसाठीच्या अशा स्पर्धा जमवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि होर्डिंग बघून नाव नोंदवलेला गोल्फर मला अजून भेटलेला नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुमचं गिऱ्हाईक दोन गावांत वाटलं गेलंय: खेळणारे पुण्यात आणि पैसे देणारे सोलापुरात. पुण्याच्या गोल्फरला तुमचा ट्रस्ट माहीत नाही. सोलापूरच्या कारखानदाराला ट्रस्ट चांगला माहीत आहे, पण गोल्फशी त्याचं काही देणंघेणं नाही. या दोघांना एका दिवसात एकमेकांच्या उपयोगी कसं पाडायचं, हे आधी ठरवा. जाहिरात त्यातून आपोआप सुचते.

आधी जागा मोजू. गोल्फ कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, १८ होलचं; सुरुवातीच्या जागेपासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल. अशा स्पर्धेत शॉटगन स्टार्ट घेतात, म्हणजे चौघांचा एकेक गट प्रत्येक होलवर उभा राहतो, सगळे एकाच वेळी सुरू करतात आणि जवळपास एकाच वेळी जेवायला येतात. १८ गुणिले ४, म्हणजे ७२ खेळाडू. लांब होलवर दोन-दोन गट उभे करून आकडा वाढवता येतो, पण मग खेळ मुंगीच्या पावलांनी चालतो आणि दुपारनंतर लोक वैतागतात. पहिल्या वर्षी ७२ च्या वर जाऊ नका. विकायला जागाच इतक्या कमी असताना लाख लोकांपर्यंत पोचणारी जाहिरात कशाला हवी?

आता त्या ७२ जागांमधून किती पैसे मिळतात ते बघा. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, खरे आकडे कोर्सकडून येणाऱ्या कोटेशनवर ठरतील. समजा ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे), कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), नाश्ता, जेवण, किट मिळून माणशी ६,५०० रुपये खर्च आला आणि प्रवेश फी १०,००० ठेवली. माणशी ३,५०० सुटतात, ७२ जणांचे अडीच लाख. कागदावर बरं दिसतं. पण मुख्य प्रायोजकाला आठ जागा मोफत द्याव्या लागतात. एकेक होल विकताना, म्हणजे तिथं नावाचा बोर्ड लावायचे पैसे घेताना, प्रत्येक प्रायोजक म्हणतो, "आमची दोन माणसं खेळतील हं." १८ होलच्या ३६ जागा गेल्या. ४४ जागा फुकट, विकायला उरल्या २८. त्या २८ चे सुटले ९८,००० आणि ४४ पाहुण्यांचा खर्च झाला २,८६,०००. म्हणजे खेळाच्या खात्यावर जवळपास एक लाख ८८ हजारांचा खड्डा, आणि तो प्रायोजकांच्या पैशातून भरायचा. होल २५,००० ला विकलं असेल, तर दोन जागांचे १३,००० जाऊन हातात १२,००० राहतात, तेही बोर्डाच्या छपाईआधी.

म्हणून मी होलची प्रायोजकी दोन दरांत विकतो. नुसता बोर्ड हवा असेल तर एक दर. बोर्डाबरोबर जागा हव्या असतील तर दर जास्त, आणि त्यात जागेची पूर्ण प्रवेश फी धरलेली. सोलापूरच्या प्रायोजकांसाठी पहिला प्रकार अगदी सोयीचा, कारण त्यांना खेळायचं नसतंच. तुमचा सूत पुरवणारा, रंग-रसायनवाला, पॅकिंगचे खोके देणारा, मालवाहतूकवाला हे सगळे बोर्डावर खूश असतात. फक्त पुरवठादाराकडे पैसे मागताना पर्चेस मॅनेजरला पुढे करू नका, स्वतः जा. पर्चेसवाला गेला की ती देणगी न राहता वसुली वाटते.

मुख्य प्रायोजक मात्र पुण्याच्या बाजूचा बघा. गोल्फ खेळणाऱ्या माणसाला काही विकायचं असलेला: मोटारींचा डीलर, खासगी बँकेचा वेल्थ विभाग, बिल्डर, मोठं हॉस्पिटल. त्याला डायलिसिसबद्दल आस्था असेल तर उत्तमच, पण त्याला विकायची गोष्ट वेगळी: अर्धा दिवस मोकळे असलेले, फोन खिशात ठेवलेले ७२ लोक. कोण येणार हे त्याला यादीने सांगता आलं पाहिजे. नावं नकोत, पण "कापड निर्यातदार इतके, डॉक्टर इतके, आयटीवाले इतके" एवढं तरी. हा प्रायोजक लेखी ठरल्याशिवाय कोर्सला अनामत देऊ नका. पुष्कळ जण उलटं करतात: आधी तारीख, मग पत्रिका, मग प्रायोजक शोधत फिरणं. तारीख जवळ आली की समोरचा भाव पाडतोच.

पैशाचं कागदोपत्री रूप पहिल्याच भेटीत स्पष्ट करा, कारण इथं लोक हमखास गल्लत करतात. बोर्ड लावून, नाव घेऊन मिळालेले पैसे म्हणजे प्रायोजकत्व. तो समोरच्याचा जाहिरात खर्च आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचा विषय येतो. तो कर कोणी भरायचा हे दोन्ही बाजूंना कंपनी आहे की ट्रस्ट यावर ठरतं, ते सीएकडून लिहून घ्या. काही न घेता दिलेली रक्कम ती देणगी, तिलाच ८०-जीची (आयकरातल्या वजावटीची) पावती, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. प्रवेश फीवर ८०-जीची पावती मागणारे भेटतील. त्यांनी त्या पैशात खेळ आणि जेवण घेतलंय, त्यामुळे नम्रपणे नाही म्हणा. शिवाय नव्या करप्रणालीत गेलेल्याला ८०-जीची वजावट मिळतच नाही, तेव्हा "कर वाचेल" हे तुमचं मुख्य वाक्य करू नका.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीचं, तर त्याहून वेगळं. "आमच्या सीएसआरमधून देतो" असं मोठ्या कंपनीचा माणूस सहज म्हणून जातो. पण स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर नियमांत बसत नाही, आणि एखाद्या एकदिवसीय कार्यक्रमाला दिलेला पैसाही सरकारने तसा धरलेला नाही. अशा कंपनीला स्पर्धा विकू नका. तिला डायलिसिस केंद्राचाच प्रकल्प द्या, ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आहे का ते आधी बघा, आणि त्यांच्या माणसाला स्पर्धेच्या दिवशी पाहुणा म्हणून बोलवा. कधी कधी त्या एका पाहुण्याकडून आलेला निधी स्पर्धेच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठा असतो.

आता तारीख. सोलापूरच्या माणसाला जानेवारी विचारूच नका. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, आणि टॉवेलवाले निर्यातदार त्याच महिन्यात फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला गेलेले असतात. मार्चमध्ये सगळे हिशेबात. जून ते सप्टेंबर पाऊस. एप्रिल-मेच्या उन्हात पाच तास कोणी उभं राहणार नाही. उरतात दिवाळीनंतरचे आठवडे ते डिसेंबरचा मध्य, आणि फेब्रुवारी. शनिवार-रविवारी कोर्स सभासदांसाठी राखलेलं असतं, मिळालं तरी महाग. मी शुक्रवार धरतो.

कोर्स कोणतं, हे तुमच्या ओळखींवर आहे. येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स शहरात आहे, पुण्याच्या खेळाडूंना जवळचं. बावधनकडचं ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट डोंगरउताराचं, तिथं गोल्फ कार्टचा खर्च वेगळा विचारून घ्या. क्लबच्या कोर्सवर कार्यक्रम घ्यायला बहुधा सभासदाचं पाठबळ लागतं, ते मंडळातल्या कोणाकडे आहे का बघा. तुमचे ग्राहक तेलंगणात जास्त असतील तर हैदराबादचाही विचार करा. सोलापूरहून अंतर पुण्यापेक्षा फार जास्त नाही आणि आपल्याकडच्या तेलुगू भाषिक उद्योजकांचे धागे तिकडे आहेत. नऊ होलचं छोटं कोर्स मिळालं तर त्यालाही कमी लेखू नका. ३६ जणांची नेटकी स्पर्धा ही ७२ जणांच्या रडतखडत चाललेल्या स्पर्धेपेक्षा पुढच्या वर्षी जास्त प्रायोजक आणते.

वेळ ठरवताना सोलापूरकरांचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवा. पुण्यात सकाळी सातचा स्टार्ट म्हणजे इथल्यांना आदल्या दिवशी मुक्काम. सकाळची वंदे भारत पुण्याला नवाच्या सुमारास पोचते (आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तारीख धरण्याआधी वेळापत्रक बघा), म्हणून मी दुपारी बाराचा स्टार्ट सुचवेन. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास सूर्य मावळतो. पाच तासांचा खेळ धरला तर बसतं, पण उशीर चालणार नाही. परतीच्या गाडीसाठी बक्षीस समारंभ गुंडाळावा लागेल असं करू नका. एक बस ठरवा, जेवून निघा.

खेळाचा प्रकार स्क्रॅम्बल ठेवा. चौघेही टी-शॉट (होलचा पहिला फटका) मारतात, चांगला पडलेला एक निवडतात, पुढचा फटका चौघेही तिथूनच मारतात, असं होल संपेपर्यंत. कच्चा खेळाडू यात लपून जातो आणि पक्क्याला कंटाळा येत नाही. प्रत्येकाचे किमान दोन टी-शॉट वापरलेच पाहिजेत अशी अट घाला, नाहीतर एकच पट्टीचा खेळाडू सगळा खेळ ओढतो आणि बाकीचे तिघे फोटो काढत फिरतात. वैयक्तिक गुण हवेच असतील आणि निम्म्यांकडे हँडिकॅप (कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलत) नसेल, तर डबल पिओरिया वापरा. आधी कोणाला न सांगता १२ होल निवडून पाकीट बंद करायचं. खेळ झाल्यावर त्या १२ होलच्या फटक्यांची दीडपट करायची, त्यातून पार (कोर्ससाठी ठरलेले एकूण फटके) वजा करायचं आणि उरलेल्याचे ८० टक्के म्हणजे त्या दिवसापुरता हँडिकॅप. ६४ फटके असतील तर दीडपट ९६, पार ७२ वजा जाता २४, हँडिकॅप १९.२. पाकीट सगळ्यांसमोर फोडा.

कधीच न खेळलेल्या सोलापूरच्या पाहुण्यांना कोर्सवर सोडू नका. एक नवखा गट मागच्या सगळ्यांना अडवून धरतो. त्यांच्यासाठी ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या जागेवर) प्रशिक्षकाबरोबर तासभर ठेवा, मग पटिंग ग्रीनवर (चेंडू हलकेच खळग्यात ढकलायच्या हिरवळीवर) छोटी स्पर्धा. त्याची फी वेगळी आणि कमी, खर्चही कमी. शिवाय या जागा ७२ च्या बाहेरच्या आहेत. माझ्या मते तुमच्या स्पर्धेचा सगळ्यात फायद्याचा भाग हाच ठरेल. पत्रिकेवर पोशाख ठळक छापा: कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नाही. कडक इस्त्रीची नवीकोरी जीन्स घालून आलेल्या शेठजींना दारात थांबवायची वेळ आली तर त्यांची देणगीही दारातच थांबते.

बक्षिसांत रोख रक्कम नको. हँडिकॅपवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत हौशी खेळाडूने रोख घेतली तर त्याचा हौशी दर्जा अडचणीत येतो. २०२२ पासूनच्या नियमांत वस्तूरूप बक्षिसालाही ७०० पौंड किंवा १,००० डॉलरची मर्यादा आहे.

होल-इन-वनला, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू खळग्यात घालणाऱ्याला, मोटार ठेवण्याचा मोह होईल, कारण डीलर गाडी उभी करायला तयार असतो आणि फोटो झकास येतो. सर्वसाधारण हौशी खेळाडूला होल-इन-वन मिळण्याची शक्यता साडेबारा हजारांत एक धरतात. एका ठरलेल्या पार-३ (तीन फटक्यांच्या) होलवर ७२ जणांनी एकेक फटका मारला, तर साधारण पावणेदोनशे स्पर्धांमागे एकदा मोटार जाईल. पण ती पहिल्याच वर्षी जाऊ शकते, म्हणून विमा हवाच. पॉलिसीतल्या अटी वाचा: होल कोणतं, टीपासून किमान अंतर किती, खेळाडू किती आणि साक्षीदार कोण. त्या होलवर छत्री, खुर्ची, पाणी आणि गटांची यादी घेऊन एक जबाबदार माणूस पहिल्या फटक्यापासून शेवटच्यापर्यंत बसवावा लागतो. तो चहाला उठला आणि नेमका त्याच वेळी चेंडू आत गेला, तर विमा कंपनी हात वर करेल आणि खेळाडू तुमच्याकडे बघेल.

तिकीट विकून लकी ड्रॉ काढू नका, तो लॉटरीच्या कायद्यात अडकतो. लिलाव करा. सोलापूरचं हातमागावर विणलेलं भिंतीवरचं चित्र जेवणाच्या हॉलमध्ये दिवसभर टांगून ठेवा आणि बोली कागदावर लिहून घ्या. पुण्यात त्याला चांगली बोली लागते.

आता किट. बाहेरून प्लास्टिकच्या बाटल्या आणि किचेन मागवू नका. गोल्फरला दर होलवर लागणारी वस्तू म्हणजे टॉवेल, आणि टेरी टॉवेलच्या गावातले तुम्ही! बॅगेला अडकवायचा गोल्फ टॉवेल साधारण ४० बाय ६० सेंटिमीटरचा असतो. एक बाजू कातरलेली, मखमली, तिच्यावर नाव उठून दिसतं. दुसरी बाजू लूपची, ती ओल आणि माती टिपते. कोपऱ्यात किंवा वरच्या मध्यावर धातूची रिंग आणि हुक. नाव जॅकार्ड मागावर विणून घ्यायचं तर कमीत कमी ऑर्डर मोठी पडते, शंभरभर नगांना भरतकामच परवडतं. मंडळातल्याच एखाद्या कारखान्याकडून ते वस्तूरूप प्रायोजकत्व म्हणून घ्या. टॉवेलवर मुख्य प्रायोजकाचं नाव बारीक ठेवा. मोठ्या लोगोचा टॉवेल घरी गेल्यावर पुसणं होतो, बारीक नावाचा वर्षभर बॅगेला लटकतो. विजेत्यांना चषकाबरोबर सोलापुरी चादर द्या. मधल्या हाफवे हटवर (अर्धा खेळ झाल्यावर खायला थांबायच्या जागी) सँडविचच्या जोडीला शेंगापोळी ठेवली की लोक चौकशी करत येतात, आणि तिथंच ट्रस्टचा माणूस उभा असला पाहिजे.

एवढं सगळं ठरलं की जाहिरात सोपी होते. चार महिने आधी तारीख कळवणारा एका ओळीचा व्हॉट्सॲप संदेश. मंडळातल्या प्रत्येक खेळाडूने आपल्या ओळखीच्या दहा-बारा जणांना स्वतः फोन करायचा. ग्रुपवर टाकलेलं पत्रक सगळे बघतात आणि कोणीच उत्तर देत नाही. क्लबच्या कॅप्टनला भेटून सूचना फलकावर जागा घ्या. नोंदणी माणशी न घेता चौघांच्या गटाने घ्या: एकाला पटवलं की तो बाकीचे तिघे आणतो, गळतीही कमी होते. पैसे आल्याशिवाय नाव पक्कं धरू नका, मग ते कितीही मोठं असो. इन्स्टावर पैसे घालायचेच असतील तर स्पर्धेच्या दिवसाच्या चांगल्या फोटोग्राफरवर घाला. प्रत्येक होलच्या बोर्डापाशी एकेका गटाचा फोटो दोन दिवसांत प्रायोजकाला गेला, की पुढच्या वर्षीचं निम्मं काम झालं.

पत्रकावर निधीचा आकडा लिहिण्यापेक्षा त्या निधीतून काय येणार ते लिहा. "डायलिसिस केंद्राच्या मदतीसाठी" हे कोणाच्या लक्षात राहत नाही. "एक डायलिसिस मशीन आणि वर्षभराची डायलायझर" हे राहतं. पुण्याच्या लोकांसाठी ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद मागितल्याबरोबर देता येईल असा तयार ठेवा. सोलापूरच्या दैनिकांकडे स्पर्धेआधी जाऊ नका. मशीन केंद्रात बसल्यावर जा, फोटोत प्रायोजक आणि केंद्राच्या नर्स दोन्ही घ्या. स्थानिक पुरवठादाराला तोच फोटो दुकानात लावायचा असतो.

ही स्पर्धा करावी की करू नये, याचं माझं माप सरळ आहे. लेखी कबूल झालेल्या रकमांवर अंदाजपत्रक मांडा. जमलेल्या रुपयातले ६० पैसे तरी केंद्रापर्यंत पोचत नसतील तर गोल्फ सोडा. तेवढ्याच मेहनतीत सोलापुरात बॉक्स क्रिकेटची कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा घ्या. खर्च कितीतरी कमी, बघायला कामगारांची कुटुंबंही येतात आणि निधी हातात जास्त राहतो. पुण्याच्या ओळखी मिळणार नाहीत, एवढाच तोटा. तुमच्या मंडळाला ओळखी जास्त हव्यात की मशीन, हे आपसात मोकळेपणाने बोलून घ्या. दोन्ही हवं असेल तर खर्चाचा काही भाग मंडळाने स्वतःच्या खिशातून उचलावा आणि तसं जाहीर सांगावं. मग प्रायोजकाकडे जाताना मान वर असते.

कोर्सशी करार करताना रद्द करण्याचं कलम नीट वाचा: किती दिवस आधी कळवलं तर अनामतीतलं किती परत मिळतं, आणि पावसाने खेळ थांबला तर काय. मी ६० दिवसांची रेघ मारतो. त्या दिवसापर्यंत मुख्य प्रायोजकाचे निम्मे पैसे खात्यात आणि किमान दहा गट पक्के नसतील, तर तारीख सोडून द्यायची. कॅडींची बक्षिसी मात्र अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा आणि पाकिटं आदल्या रात्री भरून ठेवा. संध्याकाळी सगळे भाषणांत गुंतलेले असतात आणि कॅडी पार्किंगमध्ये ताटकळत उभे राहतात.

मुख्य प्रायोजक म्हणून कोणाकोणाचा विचार चालू आहे आणि ट्रस्टची ८०-जी व सीएसआर-१ नोंदणी चालू आहे का, एवढं कळवा. त्यावरून दोन दरांचं प्रायोजक पत्रक कसं मांडायचं ते सांगतो.